फायनान्स हेड नेमताना दिवाणी दाव्यांची चौकशी: सापडलेल्या नोंदी वाचायच्या कशा?

मुळाकाठ (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गेली ११ वर्षं एचआर बघते. साडेतीनशे माणसं, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. सध्या सीएफओच्या (फायनान्स हेडच्या) जागेसाठी माणूस शोधतोय आणि एका ठिकाणी अडले आहे. आधी मागचं सांगते, नाहीतर मी एवढी का धास्तावले आहे ते कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही फायनान्स हेड नेमले. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, डिग्री, आधीच्या दोन ठिकाणी फोन, सगळं केलं होतं आणि सगळं स्वच्छ होतं. आठव्या महिन्यात एका दुपारी गेटवरून फोन आला, "मॅडम, कोर्टाचा माणूस आलाय." बेलिफ होता. खाकी पाकीट, आत पगारजप्तीचं वॉरंट, त्यावर नाव आमच्या फायनान्स हेडचं. पगारपत्रकावर शेवटची सही ज्यांची, त्यांच्याच पगारातून रक्कम कापून कोर्टात भरा असा हुकूम. पेरोल बघणारी आमची मुलगी २४ वर्षांची. ती पाकीट हातात धरून माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हे आधी सरांनाच दाखवायचं का?" मला उत्तर सुचलं नाही.

मग खोदून काढलं. नोकरीआधी त्यांची एक भागीदारी फर्म होती. दुसऱ्या भागीदाराने हिशेबाचा दावा लावला होता, फर्मची रक्कम परस्पर उचलल्याचं कोर्टात सिद्ध झालं आणि हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल) झाला. एफआयआर कधी झालाच नव्हता, म्हणून पोलिसांच्या दाखल्यात काही आलं नाही. ई-कोर्ट्सवर (कोर्टांतल्या केसेस दाखवणारी सरकारी साइट) मात्र हा दावा निकालासकट चार वर्षं सगळ्यांना दिसत होता. आम्ही बघितलं नाही, एवढंच. ते नोकरी सोडून गेले. त्यांनी पास केलेलं प्रत्येक बिल पुन्हा तपासलं. त्यात काही निघालं नाही, पण अकाउंट्सवाल्यांना तीन महिने रविवार मिळाला नाही.

आता या वेळचं. शेवटच्या फेरीत दोघे उरलेत. त्यातल्या एकाच्या नावावर ई-कोर्ट्समध्ये तीन नोंदी आल्या: सातारा जिल्ह्यात वाटणीचा दावा (चालू), एका बँकेचा वसुलीचा दावा, त्यात हे प्रतिवादी क्र. ३ (निकाल २०१६), आणि त्याच निकालावरची २०१७ची दरखास्त (निकालाप्रमाणे वसुलीसाठीचा अर्ज), अजून चालू. एमडी म्हणतात, "मागच्या वेळी पोळलोय, नाव काढून टाका." माणूस मला चांगला वाटतो. पण चांगले तर मागचेही वाटले होते. तुम्ही अशा नोंदी कशा वाचता?

---

घाटमाथा | मंगळवार, रात्री १०:१५

तुमचे एमडी बरोबर बोलतायत. पैशाच्या जागेवर शंका असलेला माणूस बसवायचाच कशाला? दुसरा उमेदवार आहे ना. कोर्टकचेरी नसलेला घ्या आणि मोकळे व्हा.

---

काळा_कोट | मंगळवार, रात्री ११:०५

मी पुण्यात दिवाणी वकिली करतो, २२ वर्षं झाली. घाटमाथा, थोडं थांबा.

मुळाकाठताई, तुम्ही लिहिलेल्या तीन ओळींतच बरंच काही आहे. बँकेच्या वसुली दाव्यात प्रतिवादी क्र. १ कर्जदार असतो. क्र. २ आणि ३ बहुतेक वेळा जामीनदार. म्हणजे या माणसाने स्वतः कर्ज घेतलंच नसेल, दुसऱ्या कुणासाठी सही केली असेल. बँक असूनही दावा डीआरटीत (बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण) न जाता दिवाणी न्यायालयात आहे, म्हणजे रक्कम त्या वेळच्या १० लाखांच्या मर्यादेच्या आत असणार. (२०१८ पासून ही मर्यादा २० लाख झाली.) हा अंदाज आहे, कागद बघितल्याशिवाय खात्री नाही. पण कुठे बघायचं ते यावरून कळतं.

वाटणीचा दावा डोक्यातून काढून टाका. आजोबा गेले, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली, एका आत्याने हिस्सा मागितला, की घरातला प्रत्येक हिस्सेदार प्रतिवादी करावाच लागतो. नाहीतर दावाच टिकत नाही. अमेरिकेत बसलेल्या पुतण्याचंही नाव लागतं. आपल्याकडे ज्याच्या घरी वडिलार्जित जमीन आहे त्याच्या नावावर असा दावा सापडणं ही रोजची गोष्ट. त्यावरून माणसाच्या व्यवहाराबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. कौटुंबिक न्यायालयाचं काही हाती लागलं तर तेही बाजूला ठेवा, नोकरीशी त्याचा संबंध नाही.

दरखास्त मात्र वाचाच. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी: कोर्टाने पैसे द्या म्हटलं, दिले नाहीत, म्हणून समोरचा वसुलीला आला. हुकूमनामा १२ वर्षांपर्यंत बजावता येतो, त्यामुळे २०१६चा निकाल जुना झाला असं समजू नका. चालू दरखास्तीत तुमच्या दारी पुन्हा तेच खाकी पाकीट येऊ शकतं. आणि ते आलं की पैसे कापायची जबाबदारी कंपनीची. वॉरंट हातात पडल्यावर पूर्ण पगार देऊन टाकला तर ती रक्कम कंपनीच्या गळ्यात येते. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. बाकीचा कापायचा, त्याच हुकूमनाम्यात जास्तीत जास्त २४ महिने.

म्हणून करायचं काय? ई-कोर्ट्सवर त्या केसचा सीएनआर क्रमांक टाका (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर, १६ अक्षरी, पुण्याचा असेल तर सुरुवात एमएचपीयू). केस हिस्टरीत तारखांवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं ते दिसतं. निकालपत्र अपलोड असेल तर तेही वाचा. नसेल तर वकिलामार्फत नक्कल विभागात अर्ज करा. तिऱ्हाइतालाही नक्कल मिळते, कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. निशाणी १ म्हणजे दावा, त्यासोबत कैफियत मागा. समोरच्याचं म्हणणं कैफियतीत असतं आणि चौकशी करणारे नेमकी तीच वाचत नाहीत.

आणि सगळ्यांत आधी त्या गृहस्थांना विचारा.

---

रानफूल | बुधवार, सकाळी ७:५०

"त्यांना विचारा" हे वाक्य वाचून रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला एका वित्तसंस्थेत रीजनल हेडची ऑफर आली होती. पत्र हातात, आधीच्या ठिकाणी राजीनामा दिलेला. रुजू व्हायच्या नऊ दिवस आधी मेल आली की ऑफर मागे घेत आहोत. कारण लिहिलं नव्हतं. फार मागे लागल्यावर तिथल्या एका भल्या माणसाने चौकशी करणाऱ्या एजन्सीचा अहवाल फोनवर वाचून दाखवला. "दिवाणी दावे: आढळले." शेजारी लाल रंगाचा चौकोन. बास.

केस शोधली तर सांगलीची. वादी एक सोसायटी, प्रतिवादीचं नाव आणि आडनाव आमच्या ह्यांचंच, पण मधलं नाव वेगळं. वडिलांचं नाव! आपण महाराष्ट्रात आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर मधलं नाव लिहितो, आणि जिथे ते उपयोगी पडायचं तिथे कुणी बघितलं नाही. त्या केसच्या पानावर पत्तासुद्धा होता, आमचा त्या गावाशी कधी संबंध आला नाही. एका मिनिटात उलगडलं असतं. आम्ही सगळं लिहून पाठवलं, तोवर जागा भरली होती. सात महिने घरी होते ते. मुलीच्या शाळेची फी माझ्या पगारातून जात होती आणि ते रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसत होते.

मुळाकाठताई, तुम्ही चौकशी जरूर करा. पण जे सापडेल ते आधी त्या माणसासमोर ठेवा.

---

मुळाकाठ (धागाकर्ती) | बुधवार, दुपारी १:२०

रानफूल, वाचून हात थांबला. तुमच्यासाठी आणि तुमच्या मिस्टरांसाठी फार वाईट वाटलं.

नावाबद्दल माझा अनुभव सांगते, कुणाला उपयोग होईल. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधायचं तर जिल्हा, कोर्ट कॉम्प्लेक्स आणि वर्ष तिन्ही द्यावं लागतं, आणि दर वेळी कॅप्चा. सगळ्या महाराष्ट्रात एकदम शोध होत नाही. तालुक्याची कोर्टं वेगळी. म्हणून उमेदवाराकडून आधी गेल्या १२ वर्षांतले राहण्याचे आणि कामाचे पत्ते लिहून घेतले. मग प्रत्येक ठिकाणी प्रत्येक वर्षासाठी शोध. दोन संध्याकाळी गेल्या. स्पेलिंग कारकुनाच्या हाती असतं: दीक्षित घ्या, एक आय की दोन ई, शेवटी टी की टीएच. कुठे नुसती आद्याक्षरं. स्त्री उमेदवार असेल तर लग्नाआधीच्या नावानेही शोधायला लागतं. या तीन नोंदींत मधलं नाव आणि गाव दोन्ही जुळलंय, त्यामुळे माणूस तोच.

---

ताळेबंद | बुधवार, सायंकाळी ६:३०

मी सीए आहे. ई-कोर्ट्सवर काही नाही म्हणजे काहीच नाही, असं समजून चालणाऱ्यांसाठी थोडं लिहितो.

मोठ्या हुद्द्यावरचा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या नावाने कोर्टात नसतो, त्याची कंपनी असते. म्हणून आधी कंपनी खात्याच्या साइटवर त्याचा डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) टाका आणि तो कुठे कुठे संचालक होता ते काढा. मग त्या प्रत्येक कंपनीच्या नावाने शोध घ्या. एखाद्या कंपनीने सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरलं नाही, तर कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) खाली तिचे संचालक पाच वर्षं अपात्र होतात. २०१७ मध्ये खात्याने अशा संचालकांच्या याद्याच जाहीर केल्या होत्या, नावं लाखांत होती. त्यात मित्राच्या बंद पडलेल्या कंपनीत नावापुरते संचालक असलेलेही होते, तेव्हा इथेही विचारणं आलंच.

मोठ्या रकमेची बँक थकबाकी डीआरटीत जाते. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर १ डिसेंबर २०१९ पासून हमीदारावरची दिवाळखोरीची कारवाई एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) होते. दोन्हींच्या साइट्स वेगळ्या. मुंबईत राहिलेला माणूस असेल तर उच्च न्यायालयाची मूळ शाखा विसरू नका. मुंबईतले मोठ्या रकमांचे दावे थेट तिथे दाखल होतात, जिल्हा कोर्टांच्या शोधात येत नाहीत. सेबीचे आदेश सेबीच्या साइटवर. आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांच्या साइटवर बँकांनी दावे लावलेल्या १ कोटी आणि वरच्या थकबाकीदारांची, तसंच २५ लाख आणि वरच्या हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांची यादी कुणालाही बघता येते. त्यात संचालकांची नावंही असतात.

एक जागा मात्र रिकामीच राहणार: लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंनी मानलेल्या त्रयस्थाकडून निवाडा. वरिष्ठांच्या करारात वाद लवादाकडे नेण्याचं कलम असतं आणि लवादाची कार्यवाही गोपनीय. पण निवाडा रद्द करायला कुणी कोर्टात गेलं असेल (लवाद कायद्याचं कलम ३४), किंवा लवादाआधी मनाई मागितली असेल (कलम ९), तर ती नोंद जिल्हा किंवा उच्च न्यायालयात सापडते. ती सापडली तर निवाडा मागून वाचा.

---

पतपेढी_ताई | बुधवार, रात्री ९:१०

मी एका ग्रामीण पतसंस्थेची संचालक. आमच्याकडे ठेवी ठेवणाऱ्यांत दूध घालणाऱ्या बायका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. व्यवस्थापक नेमताना चुकलो तर त्यांच्या तोंडाकडे बघता येणार नाही, म्हणून मी या विषयात कडक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. शाखेबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आमच्या सभेत सगळ्यांनी बघितले होते.

सहकारातून आलेला माणूस घेत असाल तर एक लक्षात ठेवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला निबंधक (सहकार खात्याचे अधिकारी) देतात. तो दावा नसतो, म्हणून कोर्टाच्या शोधात दिसायचा नाही. कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी निश्चित होते, तीही निबंधकांकडे. कलम ९१चे वाद सहकार न्यायालयात. आमच्याकडे एक उमेदवार आले होते, पोलीस दाखला स्वच्छ, बोलणं गोड. उपनिबंधक कार्यालयात जाऊन विचारलं तेव्हा कळलं की आधीच्या संस्थेत ८८ची चौकशी होऊन त्यांच्यावर रक्कम निश्चित झाली आहे. त्यांना बोलावून विचारलं. "तो राजकारणाचा भाग होता," म्हणाले. अपील केलं का विचारलं, तर नाही. आम्ही नकार दिला आणि कारण पत्रात लिहून दिलं.

---

हडसनकाठ | गुरुवार, पहाटे ४:३५

न्यू जर्सीहून. मी इथे वित्तक्षेत्रातल्या नेमणुकांचं काम बघतो. रानफूल यांचं वाचून इथला एक नियम सांगावासा वाटला.

अमेरिकेत १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा आहे. एजन्सीच्या अहवालावरून उमेदवाराला नाकारायचं असेल, तर नाकारण्याआधी त्याला अहवालाची प्रत आणि त्याच्या हक्कांचा कागद द्यावाच लागतो. मग तो सांगू शकतो की हा मी नव्हे, किंवा हे मिटलं आहे. दिवाणी दावे आणि निकाल साधारण सात वर्षांनंतर अहवालात घालता येत नाहीत. मात्र वर्षाला ७५,००० डॉलर किंवा जास्त पगाराच्या जागेला ही कालमर्यादा लागू नाही, म्हणजे वरच्या जागांसाठी जुनंही निघतं. फेडरल कोर्टांचे कागद पेसर या त्यांच्या साइटवर पानाला १० सेंट देऊन मिळतात, पण राज्यांची आणि काउंटीची कोर्टं वेगळी. तुमच्या तालुका कोर्टांसारखंच, एकेक करत जायचं.

त्या प्रत देण्याच्या नियमाने माझ्या हातून होणाऱ्या दोन चुका वाचवल्या आहेत. भारतात सक्ती नसली तरी स्वतःहून पाळायला कोण अडवतंय?

---

काळा_कोट | गुरुवार, सकाळी १०:२०

हडसनकाठ, अगदी. भारतातलं थोडं जोडतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, नोकरीसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तरी माझा सल्ला: काय शोधणार, कुठे शोधणार, किती वर्षांचं, ते लिहून उमेदवाराची सही घ्या.

आणखी एक. माणूस वादी असेल तर त्याला "कोर्टबाज" ठरवू नका. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी मागायला कोर्टात जाणं हा त्याचा हक्क. प्रतिवादी असून निकाल त्याच्या बाजूने लागला असेल तर तो सुटलेला आहे. "एकतर्फी हुकूमनामा" दिसला तर समन्स त्याला मिळालं होतं का ते बघा. जुन्या पत्त्यावर चिकटवलेलं समन्स माणसाला वर्षानुवर्षं कळत नाही. मी थांबतो ते इथे: दुसऱ्याच्या विश्वासावर हातात आलेल्या पैशाबद्दल कोर्टाने पुरावा ऐकून विरुद्ध निष्कर्ष काढला असेल तर. भागीदारीचा हिशेब, ट्रस्टचा पैसा, मालकाची गोपनीय माहिती. ताईंच्या आधीच्या माणसाचं तेच होतं. जामीनदाराची गोष्ट निराळी.

---

घाटमाथा | गुरुवार, सकाळी ११:००

जामीनदार असला तरी आठ-नऊ वर्षं पैसे का भरले नाहीत, हा प्रश्न राहतोच ना? सीएफओ होणाऱ्या माणसाला तेवढं जड नव्हतं.

---

काळा_कोट | गुरुवार, सकाळी ११:१५

रास्त प्रश्न. ताईंनी नेमका हाच विचारावा.

---

मुळाकाठ (धागाकर्ती) | शनिवार, सायंकाळी ५:४५

काल विचारलं. एमडींना म्हटलं, दोन दिवस द्या, त्यांनी दिले.

ते गृहस्थ आले तेव्हा मी तिन्ही नोंदींचे प्रिंट टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "हे आम्हाला सापडलं आहे, तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी वाटणीच्या कागदाकडे बघून आत्याचं नाव सांगितलं. दरखास्तीचा कागद मात्र दोनदा वाचला. "ही अजून चालू आहे?" खरोखर माहीत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

२०११ मध्ये चुलतभावाने पोल्ट्रीसाठी कर्ज काढलं होतं, यांनी जामिनावर सही केली. पोल्ट्री बसली. हुकूमनामा झाल्यावर बँकेने पगारावर येण्याची नोटीस दिली, तेव्हा यांनी २०१८ मध्ये बँकेशी एकरकमी तडजोड करून स्वतः पैसे भरले. काल संध्याकाळीच त्यांनी बँकेचं पत्र आणि नो ड्यूज दाखला पाठवला. २०१८ची तारीख आहे. काळा_कोट, मग दरखास्त अजून चालू कशी?

---

काळा_कोट | शनिवार, रात्री ८:३०

रोज बघतो हे. पैसे कोर्टाबाहेर भरले गेले, पण बँकेने ते कोर्टाला कळवलंच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ नियम २ प्रमाणे हुकूमनामाधारकाने "रक्कम मिळाली" हे कोर्टात नोंदवायचं असतं. ते नोंदलं नाही तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती रक्कम जमेस धरत नाही. कागदोपत्री हा माणूस आजही देणेकरी. बँकेचा अधिकारी बदलला, पॅनेलवरचा वकील बदलला, फाइल "अवेट नोटिस"वर (नोटिशीची वाट बघत) पडून राहिली, असं होतं. त्यांनी नो ड्यूजची प्रत घेऊन बँकेच्या शाखेत आणि बँकेच्या सध्याच्या वकिलाकडे जावं, आणि पूर्ण वसुलीची पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून घ्यावी. बँक कधीही देऊ शकते. तुम्ही नो ड्यूज खरा आहे का ते बँकेला पत्र लिहून विचारा, उमेदवाराने दिलेल्या फोन नंबरवर नको.

---

घाटमाथा | शनिवार, रात्री ९:०५

भावाचं कर्ज स्वतः फेडलं. मी घाईने बोललो होतो. ताई, घ्या त्यांना.

---

मुळाकाठ (धागाकर्ती) | पाच आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री ८:१०

उशिरा लिहिते आहे. बँकेने आमच्या पत्राला लेखी उत्तर दिलं, दाखला खरा. एमडींनी ते स्वतः वाचलं आणि ऑफर लेटरवर सही केली. ऑफर देताना अट घातली होती की दरखास्त निकाली काढून घ्यावी. त्यासाठी त्यांना दोन दिवसांची रजा रुजू व्हायच्या आधीच मंजूर केली. बँकेच्या वकिलांनी पुरसीस दिली. आज दुपारी ई-कोर्ट्सवर सीएनआर टाकून बघितलं. पूर्ण वसुली झाल्याने दरखास्त निकाली.

आमच्या अर्जात आता एक पान वाढवलं आहे: काय शोधणार त्याची संमती, १२ वर्षांचे पत्ते, आधीची नावं, वडिलांचं किंवा पतीचं नाव, संचालक असलेल्या कंपन्या, आणि शेवटी मोकळी जागा, "आपल्या नावावर एखादा दावा असल्यास त्याबद्दल आपले म्हणणे." रानफूल, ती जागा तुमच्यामुळे आहे.

---

रानफूल | सोमवार, रात्री ८:५५

ह्यांना वाचून दाखवलं. त्या पानाचा नमुना मिळेल का विचारतायत. आता त्यांच्याच टीममध्ये नेमणुका चालू आहेत.

---

मुळाकाठ (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:००

उद्या कंपनीचं नाव काढून व्यनि (खाजगी निरोप) करते.